फळीवरचं देऊळ

मला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. आज सत्तरी उलटल्यावर हे लिहायला काही वाटत नाही, पण तिशीत असताना कोणी तोंडावर म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी जन्मभर अबोला धरला असता. शाळेतल्या दुसऱ्या मास्तरच्या फळ्यावरचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार आहे म्हणून मी त्याच्या वर्गावरून जाताना मान दुसरीकडे वळवत असे. असा माणूस.

तेव्हा मी नंदुरबारच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो. मुंबईला राहून चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलेला आमच्या तापीकाठच्या गावातला मी पहिलाच, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे. घरची शेती थोरल्या भावाने सांभाळली, मी हातात ब्रश धरला, आणि वडील मरेपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिले की धाकटा सरकारी परीक्षा पास आहे. कशाची, ते त्यांना नीट सांगता येत नसे. माझं चित्र आजवर कोणी पैसा, मान, काहीही देऊन भिंतीवर लावलेलं नव्हतं, हे मात्र मला नीट माहीत होतं.

माझी थोरली बहीण तळोद्याला दिलेली. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे जाऊन राहायचो. तळोद्याच्या बाहेर, डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर मिशनचं एक देऊळ होतं. ख्रिस्ती लोक त्याला देऊळच म्हणत, बाजारातली माणसं गिरजाघर म्हणत. ज्याने ते बांधलं त्याने पाया काळ्या जमिनीत घातला होता. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की भिंती फाटायच्या, पावसाळ्यात ती फुगली की त्याच भेगा वेड्यावाकड्या मिटायच्या. अखेर घंटेचा बुरूज इतका कलला की पाद्रीसाहेबांनी प्रार्थना बाहेर चिंचेखाली घ्यायला सुरुवात केली. सगळं देऊळ उतरवायचं आणि पलीकडच्या मुरमाच्या टेकाडावर नवं उभं करायचं, असं ठरलं.

साहेब गोरे होते, पुस्तकातून शिकलेलं शुद्ध मराठी बोलायचे. त्यांची इच्छा अशी की जुनं देऊळ उतरताना त्याचं रंगीत चित्र काढून घ्यावं आणि नव्या देवळात दाराशेजारी लावावं, म्हणजे पुढच्या लेकरांना कळेल की आपले आजे-पणजे कुठे गुडघे टेकत होते. फोटोत रंग येत नाही, आणि त्या देवळाची भिंत निळीची होती, खिडकीला लाल-हिरव्या काचा होत्या. बहिणीच्या यजमानांकडून माझं नाव त्यांच्या कानावर गेलं. बोलावणं आलं तसा मी धुतलेला कोट चढवून गेलो आणि चहा प्यायच्या आत हो म्हणालो.

उठताना साहेब म्हणाले की गावातल्या एका रंगाऱ्यालाही त्यांनी सांगितलं आहे. दोघांनी काढावं, जे मंडळीला भावेल ते नव्या देवळात लागेल.

हा रंगारी म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. मुसलमान मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं घर. मोहरमात ताबूत सजवायचे, लग्नसराईत बैलगाड्या रंगवायच्या, एरवी दुकानांच्या पाट्या. वयाने माझ्याएवढाच. मला पाहिलं की हात कपाळाला लावून ‘मास्तर’ म्हणायचा आणि मी मान किंचित हलवायचो. बैलगाडीच्या फळ्यांवर मोर काढणाऱ्याशी माझी तुलना! घरी येऊन मी बहिणीला सांगितलं की साहेब माणूस चांगला आहे, पण त्याला चित्रातलं काही कळत नाही.

देऊळ पाडण्याची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. वेदीच्या दोन्ही बाजूंना दोन खांब होते, आणि त्यांच्यावर हातांचे थापे होते. डोंगरातल्या ज्या कुटुंबांनी पहिल्यांदा हा धर्म घेतला, त्यांची लग्नात भिंतीवर थापे उमटवायची रीत होती. देऊळ बांधताना त्यांनी तेच ओल्या चुन्यावर केलं. बायकांचे, पुरुषांचे, एक तर तान्ह्या पोराचाही. ते हात उमटवणारे बहुतेक सगळे मातीआड गेले होते. बाकी देऊळ तोडायचं, पण थाप्यांचा तेवढा भाग फळ्यांत आवळून, करवतीने कापून, तसाच्या तसा नव्या देवळात न्यायचा, असं साहेबांनी ठरवलं होतं. त्यासाठी नंदुरबारहून सुतार यायचा होता.

मी चिंचेपासून थोडं पुढे, एका कडुनिंबाखाली चित्राचं कापड टेकवायची माझी लाकडी घोडी मांडली. मुंबईहून आणलेलं कापड, ट्यूबमधले रंग. अंतरं मोजली, दोरी लावली, रेषा जिथे मिळायला हव्यात तिथे मिळवल्या. चार दिवसांत नियमाने बघता त्या चित्रात खोट काढायला जागा नव्हती. गवंडी होते, मजूर होते, कललेला बुरूज होता. फक्त त्यातलं कोणी काही करत आहे असं वाटत नव्हतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. मी दुरुस्तीला म्हणून पुन्हा पुन्हा सावल्या गडद करत बसलो.

रंगाऱ्याने साहेबांच्या बंगल्याच्या ओट्यावर जुन्या दाराची सागवानी फळी उभी केली होती. दोन दिवस तो देवळाकडे बघतही नव्हता. तिसऱ्या दिवशी फळीवर अख्खं देऊळ उभं, निळ्या भिंतीसकट, काचांसकट. समोरचा भाग काढलाच नव्हता, बाहुलीच्या घरासारखी आतली वेदी आणि खांब दिसत होते. प्रमाण चुकलेलं, घंटा बुरुजाला जड होईल एवढी मोठी. मी लांबून बघून मनातल्या मनात हसलो आणि परत आलो.

संध्याकाळी कळलं की मजुरांनी त्या दिवशी छपराचा जेवढा भाग उतरवला, तेवढाच त्याने ओलं फडकं आणि बांबूची चीप लावून फळीवरून पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी जेवढं पडलं, तेवढं आणखी पुसलं. मी बहिणीला म्हटलं, आठ दिवसांनी त्या शहाण्याकडे कोरी फळी राहील, नव्या देवळात काय कोरी फळी लावणार?

बहीण स्वतः जाऊन बघून आली. पदर खांद्यावर टाकत म्हणाली, “भाऊ, तू बी जाईसन देख. देऊळ पुसाई ऱ्हायनं आनि मांगे डोंगर निंघी ऱ्हायनात.”

मग मला जावंच लागलं. त्याने आधी तेलाच्या रंगात नुसता सातपुडा काढून वाळवला होता. खालची शेतं, वरची निळी रांग, आभाळ. त्यावर ताबुताला लावतात तसा खडू आणि सरसाचा लेप देऊन देऊळ चढवलं होतं. सरस पाण्याने सुटतो, तेल सुटत नाही. देऊळ जाईल तसा मागचा डोंगर मोकळा होत होता, आणि प्रत्यक्षातही अगदी तेच होत होतं. मी रोज त्या कडुनिंबाखाली बसत होतो आणि छप्पर उतरल्यावर मागे डोंगर दिसू लागला, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्याला एवढंच म्हणालो की घंटा मोठी झाली आहे. तो म्हणाला, हो मास्तर, झाली खरी.

त्यानंतर संध्याकाळी सगळं गाव बंगल्याच्या ओट्याकडे लोटायला लागलं. ख्रिस्ती मंडळी तर यायचीच, पण मोहल्ल्यातल्या बुरख्यातल्या बायका, बाजारातले वाणी, आमच्या बहिणीच्या शेजारणी. आज किती उरलं, ते फळीवर बघायचं आणि घरी जायचं. माझ्या घोडीसमोरून सगळे जात. कोणी थांबलं तर शिष्टाचार म्हणून थांबे. मी एकदा बहिणीला खोदून विचारलं, माझं कसं वाटतं? तिने माझा अपमान व्हावा म्हणून नाही, खरंच विचार करून सांगितलं.

“तुन्हं चांगलं शे. पन ते कालदिन बी असंच व्हतं.”

मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. फळीसमोर जायचंही बंद केलं. त्यामुळे तिथे संध्याकाळी काय चालतं, ते मला कळलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातून झालं. साहेबांचं शुद्ध मराठी गवंड्यांच्या मुकादमाला कळत नसे आणि मुकादमाची अहिराणी साहेबांना. फळी मात्र दोघांना कळत होती. हळूहळू साहेब संध्याकाळी बोट ठेवून दाखवू लागले की उद्या एवढं उतरवा. रंगारी तेवढं पुसायचा. सकाळी मुकादम फळी बघून माणसं कामाला लावायचा. पडलं म्हणून पुसायचं ते मागे पडलं, पुसलं म्हणून पाडायचं सुरू झालं. मुकादमाला एकच ताकीद होती, की फळीवर जे आहे त्याला हात लावायचा नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी माझे ब्रश धुऊन परत निघालो होतो. ओट्यावर गर्दी होती, म्हणून वाकड्या वाटेने चाललो होतो. तेवढ्यात एक म्हातारी दिसली. डोंगराच्या पायथ्याच्या गावाहून रोज चालत येणारी. ती पुढे झाली आणि तिने फळीवरच्या खांबाला बोट लावलं. रंगाऱ्याने तिथे करंगळीच्या टोकाने इवलेइवले थापे उठवले होते. त्यातल्या एकावर बोट ठेवून ती शेजारी उभ्या गावातल्या बाईला अहिराणीत म्हणाली की ही माझी आई. रंगारी तिला जपून लाव, रंग सुटेल, असंसुद्धा म्हणाला नाही. नुसता बाजूला झाला.

माझ्या चित्राला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं. मी ते सहन करू शकलो नाही. रात्री जेवलो नाही, बहिणीला ऊन लागल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. साहेब पहाटेच डोंगरातल्या एका गावी गेले होते, परतायचे ते दुसऱ्या दिवशी. जाण्यापूर्वी त्यांनी शनिवारसाठी मागची एक भिंत दाखवून ठेवली होती आणि रंगाऱ्याने ती सकाळीच पुसली होती. दुपारी तो जुम्म्याच्या नमाजला गेला, तिथून एका खेड्यात लग्नाची गाडी रंगवायला जायचा होता. मजूर चिंचेखाली आडवे झाले होते. मी ओट्यावर चढलो, खिशातला रुमाल माठाच्या पाण्यात भिजवला आणि ते दोन्ही खांब पुसले. फार वेळ लागला नाही. थापे रुमालावर पांढरट डाग होऊन आले आणि तिथे डोंगराची एक स्वच्छ निळी घडी निघाली. रागात असूनही मला वाटून गेलं की निळा फार सुंदर लागला आहे. मग आणखी राग आला.

माझ्या मनात एवढंच होतं की त्याची फळी बिघडावी. म्हातारी येईल, तिची आई तिथे नसेल, आणि ती त्याला बोल लावेल. यापुढे माझा हिशोब गेला नव्हता.

शनिवारी उजाडताना मी कडुनिंबाखाली येऊन बसलो. ऊन व्हायच्या आत काम उरकायचं म्हणून गवंडीही त्याच सुमाराला येत. मुकादम फळी बघून आला, आणि मला वाटलं होतं ते सगळे रोजच्यासारखे उरलेल्या भिंतींकडे जातील. ते वेदीकडे गेले. पहिला टिकाव खांबाच्या वरच्या अंगाला बसला तेव्हा मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं, फळीचं, मुकादमाचं, माझ्या रुमालाचं.

मुकादमालाही चैन नव्हतं. एकदा त्याने हात वर करून काम थांबवलं आणि पुन्हा बंगल्याकडे गेला. फळीसमोर उभा राहिलेला मला दिसत होता. परत येताना तो माझ्या शेजारून गेला. मला म्हणाला की साहेबांनी बेत बदललेला दिसतो. मी हुं म्हणालो, त्याला थांबवलं नाही.

कारण छप्पर आणि समोरची भिंत गेल्यामुळे सूर्य तिरपा आत आला होता. चुन्याची धूळ उठली होती. वरून खांब फुटत होता आणि खाली ते सगळे हात उजेडात लख्ख, एकेक बोट मोजावं असे. आठ दिवस माझ्या चित्रात जे येत नव्हतं ते समोर चालू होतं. मी जुन्या चित्रावर पांढरा फासला आणि त्यावरच सुरू केलं. तसं मी आयुष्यात कधी रंगवलं नव्हतं, पुढेही नाही. अर्ध्या तासाहून जास्त वेळ ते खांब तग धरून होते. खालचा शेवटचा थापा, तान्ह्या पोराचा, पडला तेव्हा मी तो रंगवून झालेला होता.

साहेब दुपारी आले. घोड्यावरून उतरून सरळ देवळात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मुकादमाला बोलावलं, त्याने फळी दाखवली. रंगारी खेड्यावरून तसाच धावत आला, हातांना अजून गाडीचा हिरवा रंग होता. मंडळी जमली होती, म्हातारीही होती. साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने फळी जवळून पाहिली.

“साहेब, हाई पुसेल मन्हं नई,” तो म्हणाला.

साहेब माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“मास्तर, आपण या विद्येतले जाणकार आहात. हे याच्याच हातचे आहे काय?”

मी फळीशी वाकलो. नुसतं वाकून वेळ घालवला. ओलं फडकं कोणाच्या हातचं, हे कोणाला ओळखता येत नाही, मलाही येत नव्हतं. पण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा फळीकडे न बघता माझ्याकडे. मी सरळ झालो आणि सांगितलं की हात त्याचाच दिसतो.

रंगारी भांडला नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग फळी खांद्यावर घेतली आणि घरी निघून गेला. पुढे मिशनच्या कुठल्याच कामाला त्याला बोलावलं नाही. गावातही लोक म्हणू लागले की नमाजच्या घाईत भलतंच पुसून गेला. बहिणीने ते ऐकलं. त्या सुटीत तिने पुन्हा कधी त्याच्याबद्दलही बोलणं काढलं नाही आणि माझ्या चित्राबद्दलही.

नवं देऊळ उभं राहायला पुढचा नाताळ उजाडला. मला पत्र आलं. थापे आता फक्त माझ्याच चित्रात उरले होते, त्यामुळे दुसरं कोणतं लागणार हा प्रश्नच राहिला नव्हता. मी नवा कोट शिवला. दाराच्या उजव्या हाताला, डोळ्याच्या उंचीवर, सोनेरी चौकटीत माझं चित्र. प्रार्थना संपून लोक बाहेर येताना एकेकजण थांबत होता, आणि मी शेजारी हात मागे बांधून उभा होतो. याच दिवसासाठी मी सगळं केलं होतं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

म्हातारी आली. आईचा हात तिने लगेच शोधला आणि चौकटीवर बोट ठेवलं. मला भरून आलं. मग ती चित्राकडे बघत राहिली, फार वेळ. तिच्या घरची बोली मला कळत नव्हती, तिलाही ते माहीत होतं, म्हणून ती माझ्याशी बाजारातली अहिराणी बोलली. हे काढणारा कुठे उभा होता, असं तिने विचारलं. मी खूश होऊन तिला दारातूनच जुन्या जागेवरचा कडुनिंब दाखवला. चित्रातल्या प्रत्येक रेषेवरून ती जागा ओळखता येते, असंही सांगितलं. तिने कडुनिंबाकडे पाहिलं, मग वेदी होती तिथल्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं.

“तठेन आवाज दिधा ऱ्हाता,” ती म्हणाली, “ते ऐकू येता.”

तिथून हाक दिली असती तर गवंड्यांना ऐकू गेली असती, एवढंच; आवाजात राग नव्हता. तिने माझ्याकडे उत्तरासाठी पाहिलं आणि मी माझ्या चित्राकडे. टिकाव उचललेला गवंडी, धूळ, खाली हात. आणि मी तिथे, हाकेच्या अंतरावर, ब्रश घेऊन. हे सगळ्यांना दिसेल असं मीच काढून ठेवलं होतं.

बाहेर पायऱ्यांपाशी रंगारी आला होता, नाताळ बघायला गावातले बाकी लोक आले होते तसाच. म्हातारी पायऱ्या उतरली आणि त्याच्यापाशी जाऊन थांबली. त्याचा हात धरून काहीतरी विचारू लागली, बहुधा घरचं, लेकराबाळांचं. तो हसला. मला लाज वाटायला हवी होती, आणि ती पुढे वाटली, आजही वाटते. पण त्या वेळी दारात उभं राहून मला वाटत होतं ते एवढंच, की तिने माझा हात का धरला नाही.